घराचे कर्ज आणि घरातील माणसे

(जळगाव येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुटुंब, बचत आणि गृहकर्जाची मुदतपूर्व फेड या तिहींचा मेळ कसा घालावा, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून तेहेतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि त्यांपैकी नऊ वर्षे स्वतःच्या घराचे कर्ज फेडले, एवढाच माझा अधिकार. त्या नऊ वर्षांत एक हिशेब मी बरोबर केला आणि एक चुकवला. दोन्हींविषयी आज सांगणार आहे.

गहाण हा शब्द खानदेशाला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दप्तरांत नजर गहाण, ताबे गहाण आणि मुदत खरेदी असे तीन प्रकारचे कागद हमखास सापडतात. नजर गहाणात शेत कुणब्याकडेच राही. ताबे गहाणात ते सावकाराच्या ताब्यात जाई आणि त्याचे उत्पन्न व्याजापोटी वळते होई. मुदत खरेदीत ठरलेल्या दिवशी पैसे भरले नाहीत तर शेत कायमचे जाई. कापसाच्या एका वाईट हंगामाने तिसऱ्या प्रकारचा कागद जन्माला येई आणि दुसऱ्या वाईट हंगामाने तो पक्का होई. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोला दिलेला होता. परंतु हक्क असणे आणि हाती रोकड असणे यांत केवढे अंतर आहे, हे या भागातील जुन्या माणसांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

या परिस्थितीवर जो संस्थात्मक उपाय निघाला त्यात आपल्या जिल्ह्याला मानाचे स्थान आहे, आणि ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रयोगादाखल ज्या पहिल्या तीन सहकारी जमीन गहाण बँका काढण्यात आल्या, त्यांपैकी एक धारवाडला, एक भडोचला आणि एक तेव्हाच्या पूर्व खानदेशातील पाचोऱ्याला होती. शेतकऱ्याचे जुने कर्ज एकदम फेडायचे, शेत मोकळे करायचे आणि त्या रकमेची परतफेड दीर्घ मुदतीच्या, त्याच्या उत्पन्नाला झेपतील अशा हप्त्यांनी करून घ्यायची, ही त्यामागील कल्पना. १९३५ मध्ये इलाख्याची मध्यवर्ती जमीन गहाण बँक स्थापन झाली. पुढे या बँका विहिरी, पंप आणि जमीनसुधारणा यांकडे वळल्या आणि भूविकास बँका म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांचा शेवट सुखाचा झाला नाही, हे आपण जाणतोच. तथापि हप्ता माणसाला झेपला पाहिजे, हा जो विचार त्यांनी मांडला, तो आजही जुना झालेला नाही.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकातील कर्ज कोकणातले आहे. पण सावकाराचा माणूस दारात येऊन बसला म्हणजे घरातील स्त्रीवर आणि मुलांवर काय गुदरते, हे वाचताना खानदेशातील वाचकाला कोकण दूरचे वाटत नाही. कर्ज कागदावर पुरुषाच्या नावाने असते आणि घरात ते सर्वांना सोसावे लागते. आजच्या विषयाचे मूळ मला तेथे दिसते.

आता आजच्या गृहकर्जाकडे येतो. समजा, एका शिक्षक दांपत्याने वीस लाख रुपये वीस वर्षांच्या मुदतीने नऊ टक्के व्याजाने घेतले. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील १५,००० रुपये व्याजात जातात. मुद्दलात जमा होतात अवघे २,९९५. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता हे दांपत्य सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरते, आणि कर्जाचा उतारा मागितला तर मुद्दल १७ लाख ७४ हजार शिल्लक दिसते. बँकेने फसवले असे पुष्कळांना तेव्हा वाटते. फसवणूक नसते, घटत्या शिल्लक रकमेवरील व्याजाचे ते सरळ गणित असते. पूर्ण वीस वर्षांत या कर्जावर सुमारे २३ लाख १९ हजार रुपये व्याज जाते. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नसे. हप्त्याहप्त्याने नियमित भरलेल्या व्याजाला तो नियम लागत नाही, म्हणून ही दामदुपट कोणाच्या डोळ्यांत भरत नाही इतकेच.

याच कर्जात दरवर्षाच्या अखेरीस एक हप्ता जास्तीचा भरला, तर कर्ज सोळा वर्षे सात महिन्यांत संपते आणि सुमारे साडेचार लाखांहून अधिक व्याज वाचते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जास्तीची रक्कम केव्हा भरली जाते यावर तिचे मोल ठरते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये अधिक भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर पुढील सुमारे चार लाखांचे व्याज टळते. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर सुमारे ५२ हजार वाचतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर येऊन कर्ज एकदम मिटवण्याची जी धडपड आपण पाहतो, तिचा मानसिक लाभ मोठा असेल. आर्थिक लाभ तोपर्यंत बराचसा निघून गेलेला असतो.

हे गणित मला १९९८ सालीही येत होते. त्या वर्षी धुळ्यात एका लहानशा भूखंडावर घर बांधण्यासाठी मी तीन लाखांचे कर्ज साडेबारा टक्क्यांनी, पंधरा वर्षांच्या मुदतीने घेतले. हप्ता सुमारे ३,७०० रुपये होता. मी दरमहा दोन हजार रुपये अधिक भरू लागलो. वर्गात शिकवलेले गणित स्वतःच्या आयुष्यात खरे होताना पाहण्याचा एक वेगळाच आनंद असतो, आणि तो आनंद मी मनसोक्त घेतला. स्वयंपाकघराच्या दाराआड मी एक तक्ता लावला होता, त्यावर दर महिन्याला उरलेले मुद्दल लिहीत असे. चार वर्षांत तीन लाखांचे मुद्दल दीड लाखाच्या आत आले. तोवर दूरदर्शन संच घेतला नाही, दिवाळीला कोठे गेलो नाही, आणि बँकेतील बचत खात्यात कधी चार हजारांहून अधिक रक्कम राहू दिली नाही. पडून राहिलेल्या पैशाला साडेबारा टक्के कोण देणार, असा माझा युक्तिवाद होता.

पाचव्या वर्षी पत्नीवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. साठ हजारांची गरज होती. चार वर्षांत मी जवळजवळ लाखभर रुपये हप्त्याव्यतिरिक्त भरले होते. त्यांतला एक रुपयाही मला परत मागता येत नव्हता. शेवटी तिच्या पाटल्या तारण ठेवल्या आणि उरलेली रक्कम अठरा टक्के व्याजाने उभी केली. साडेबारा टक्क्यांचे कर्ज घाईने फेडून मी अठरा टक्क्यांचे कर्ज विकत घेतले होते. गणिताच्या शिक्षकाला याहून मोठी शिक्षा काय असणार?

पण त्याहूनही मनाला लागलेली गोष्ट दुसरीच होती. पत्नी रुग्णालयात असताना मुलीचे दप्तर आवरण्याची पाळी माझ्यावर आली, आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचे, शाळेच्या सहलीचे संमतिपत्र निघाले. सहल अजिंठ्याला गेली होती. वर्गणी बहुधा दीडशे रुपये. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हप्ता होता ना." तिने ते आम्हाला दाखवलेच नव्हते. दाराआडचा तक्ता ती रोज वाचत होती. मी तो त्या रात्री काढला.

त्यानंतर मी कर्जफेड थांबवली नाही, तिचा वेग बदलला. सोनाराकडील आणि अठरा टक्क्यांचे देणे आधी मिटवले. मग चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत गृहकर्जाचा नेमून दिलेला हप्ताच भरला. जास्तीचे काही भरले नाही. पंधरा वर्षांचे कर्ज नऊ वर्षांत, २००७ साली संपले. आधीच्या वेगाने ते कदाचित सातव्या वर्षी संपले असते. त्या दोन वर्षांच्या व्याजाला मी आता घरातील माणसांचा खर्च म्हणतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मुदतपूर्व फेड अवश्य करावी आणि ती लवकर सुरू करावी. परंतु तिचा वेग कर्जाच्या व्याजदराने ठरवू नये, घराच्या सहनशक्तीने ठरवावा. पाच-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी, आरोग्यविमा आणि कमावत्या व्यक्तीचा मुदतीचा विमा चालू, आणि मुलांच्या येऊ घातलेल्या शिक्षणखर्चाची तजवीज झालेली, एवढे असल्याखेरीज जास्तीचा रुपया कर्जात घालू नये. काही बँका आता कर्जाला जोडलेले असे खाते देतात की, त्यात ठेवलेल्या रकमेपुरते व्याज वाचते आणि अडचणीत ती रक्कम काढताही येते. व्याजदर किंचित अधिक असतो. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे त्यांनी तरी त्याची चौकशी करावी.

हाताशी ठेवायची ही रक्कम कोठे ठेवावी, हा प्रश्न जळगाव जिल्ह्यात फार नाजूक आहे. गेल्या दोन दशकांत येथील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि निवृत्त शिक्षकांपासून विधवा भगिनींपर्यंत सहस्रावधी ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. एक-दोन टक्के जादा व्याजाच्या आशेने मुलीच्या लग्नाची ठेव गमावलेली माणसे या सभागृहातही असतील. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि त्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. सहकाराचा मी विरोधक नव्हे, पाचोऱ्याचा उल्लेख मी अभिमानाने केला आहे. पण अडीअडचणीचा पैसा हा व्याज मिळवण्यासाठी ठेवलेला नसतो. सुवर्णनगरीत बसून सोन्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मी करणार नाही. माझ्या अडचणीला पाटल्याच धावून आल्या. मात्र दागिना विकताना घडणावळ परत मिळत नाही आणि तारण ठेवला तर व्याज पडते, हे ध्यानात असू द्यावे.

एकाहून अधिक कर्जे असतील तर सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. हे उघड आहे, तरी घडते उलट. घर 'आपले' व्हावे या ओढीने माणसे गृहकर्जात पैसे घालतात आणि वाहनाचे, क्रेडिट कार्डाचे वा हातउसने महाग कर्ज तसेच ठेवतात. शासकीय घरबांधणी अग्रिमात मुद्दल आधी व व्याज मागाहून वसूल होते, तेथे बँकेच्या कर्जाचा हिशेब लावू नये. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास व्याजात सवलत मिळते, म्हणून ते मुदतीत फेडणे महत्त्वाचे, मुदतीपूर्वी नव्हे. करसवलत जाईल म्हणून गृहकर्ज ठेवावे, असेही कोणी सुचवतात. जुन्या करप्रणालीतही सवलत म्हणजे भरलेल्या व्याजाचा काही अंशच परत मिळणे होय, आणि नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर ती सवलतच नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या बांधवांना विशेष सांगावयाचे आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचे निवृत्तिवेतन तुमच्याच अंशदानातून उभे राहावयाचे आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि बेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज, हा मेळ बसत नाही; शेवटची चार वर्षे हप्ता भरण्यासाठी वेतन नसेल. पण कर्ज लवकर फेडण्यासाठी निवृत्तीची शिल्लक आटवणे हाही तोच घोटाळा दुसऱ्या बाजूने होय. वेतनवाढीचा काही भाग, महागाई भत्त्याची थकबाकी, वेतन आयोगाचा फरक अशा ज्या रकमा रोजच्या खर्चात अद्याप शिरलेल्या नाहीत, त्यांतून फेड करावी. घरात कोणाला त्याची तोशीस लागत नाही.

शेतीवर चालणाऱ्या घराची गोष्ट निराळी. तेथे पैसा कापूस विकल्यावर येतो, केळीचा घड कापल्यावर येतो, आणि आखाजीला सालदाराचा हिशेब होतो. रावेर-यावलच्या केळीबागा उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळात एका रात्रीत आडव्या झालेल्या आपण पाहिल्या आहेत. अशा घराने दरमहा जास्तीचा हप्ता भरण्याचा संकल्प करू नये. पैसा येतो त्या वेळी वर्षभराचे हप्ते आधी वेगळे काढावेत, पुढील हंगामाचे बियाणे-खत काढावे आणि उरले तर मुद्दलात भरावे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धती शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालील शेतकरी पाणी पाहून ठरवीत की, यंदा उसाला किती क्षेत्र द्यायचे आणि हंगामी पिकाला किती. नदी आटली तर उसाचे क्षेत्र कमी होई. पण खालच्या टोकाच्या शेतकऱ्याला कोरडे ठेवून वरच्याचा ऊस पोसला जात नसे. घराच्या अर्थकारणात मुदतपूर्व फेड ही उसासारखी आहे. पाणी असेल त्या वर्षी भरघोस लावावी.

आता काही नियमांच्या गोष्टी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ च्या जूनमध्ये बँकांना दिला. माझ्या काळी असा दंड द्यावा लागे. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा पुष्कळ कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. अनेकांना ते उशिरा कळले. म्हणूनच २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने असा दंडक घातला की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा मागून उरलेली मुदत स्वतः वाचावी, आणि जास्तीची रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असे लेखी द्यावे. हा अर्ज पती-पत्नी दोघांनी वाचून द्यावा. कर्जाचे कागद कोठे आहेत हे घरात एकालाच ठाऊक असणे धोक्याचे आहे.

पंचायत सदस्यांना एक विनंती. गावठाणातील घरांना मिळकतपत्रिका मिळू लागल्यापासून गावातील घरही तारण ठेवता येऊ लागले आहे. ही सोय आहे आणि जोखीमही. विनापरवाना सावकाराकडे घर वा शेत गेले असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हे ग्रामसभेत एकदा तरी मोठ्याने वाचून दाखवावे.

आणि शेवटी, कर्ज फिटल्यानंतरचे काम. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत, आणि विलंब संस्थेमुळे झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई दिली पाहिजे, असा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू झाला आहे. पण कागद हाती आले म्हणजे बोजा उतरला असे नव्हे. बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. गहाणखत नोंदवलेले असेल तर गहाणमुक्तीचा लेखही नोंदवावा लागतो. माझ्या आजोबांनी विहिरीसाठी घेतलेले जमीन गहाण बँकेचे कर्ज १९७४ साली पूर्ण फिटले. पावत्या त्यांनी एका पितळी डब्यात जपून ठेवल्या आणि तेवढ्यावर निश्चिंत झाले. २०११ साली वाटणीसाठी आम्ही सातबारा काढला तेव्हा इतर हक्कांच्या रकान्यात तो बोजा जसाच्या तसा होता. कमी करण्याचा अर्ज आमच्यापैकी कोणी केलाच नव्हता. डबा सापडला म्हणून बरे. त्यातील शेवटची पावती उलगडायला माझ्या चुलतभावाला दुपारभर लागली, आणि अर्ज दिल्यावर पुढील फेरफारात ती नोंद गेली.